तटबंदीतले चौघे : लेड झेपेलिनचा उदय आणि अस्त

मित्रहो, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची कथा सहसा जिमी पेजच्या गिटारपासून सांगितली जाते. मी आज ती हिशेबाच्या वहीपासून सांगणार आहे. १९६८ च्या शरद ऋतूत लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत या चौघांनी आपली पहिली ध्वनिमुद्रिका सुमारे ३६ तासांत पुरी केली. तिचा खर्च दोन हजार पौंडांच्या आत होता आणि तो बाहेरच्या कोणाकडूनही आलेला नव्हता. अमेरिकेतील अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीशी बोलणी करायला व्यवस्थापक पीटर ग्रँट गेला, तेव्हा पदार्थ शिजून तयार होता. कंपनीने तो फक्त वाढायचा होता. त्यामुळे ध्वनिमुद्रण कसे करायचे, वेष्टणावर काय छापायचे, कोणते गाणे सुटे विकायचे, यातले बहुतेक अधिकार या नवख्या बँडने स्वतःकडेच राखले.

ग्रँट हा पूर्वी कुस्त्या खेळलेला, क्लबच्या दारावर पहारा केलेला अगडबंब माणूस होता. कलावंताला लुबाडणारी माणसे त्याने जवळून पाहिली होती आणि आपल्या पोरांभोवती त्याने अक्षरशः तटबंदी उभारली. तिकीटविक्रीतील नव्वद टक्के रक्कम बँडची आणि दहा टक्के आयोजकाची, ही त्याची अट त्या काळी धाडसाची होती. ब्रिटनमध्ये सुटी गाणी विकायची नाहीत, दूरचित्रवाणीच्या वाटेला फारसे जायचे नाही, ज्याला ऐकायचे असेल त्याने पूर्ण ध्वनिमुद्रिका घ्यावी किंवा तिकीट काढावे, असे ते धोरण होते.

या तटबंदीच्या आत काय पिकले, ते पाहण्यासाठी हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या, थंडगार वास्तूत जावे लागेल. पेज आणि बेसवादक जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओंत रोजंदारीवर वाजवून तयार झालेले कसबी कारागीर होते, तर गायक रॉबर्ट प्लँट आणि ड्रमवादक जॉन बॉनम हे मध्य इंग्लंडातल्या मिडलंड्समधून आलेले, बँड निघाला तेव्हा अवघे विशीचे तरुण. चौथ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने बॉनमचे ड्रम्स दिवाणखान्यातून काढून जिन्याच्या तळाशी मांडले आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले. प्रत्येक आघात आधी त्या उंच पोकळीत घुमतो आणि मग आपल्यापर्यंत पोहोचतो. बॉनम नुसता जोराने वाजवणारा होता, हा गैरसमज तेथे संपतो. दोन ठोक्यांमधली जागा कधी भरायची नाही, हे त्याला ठाऊक होते. पेजची गिटार त्या रिकाम्या जागेवरच उभी असे. (अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून या मंडळींनी बरेच काही उचलले आणि श्रेय देताना हात आखडता घेतला, हेही येथेच नोंदवतो, ब्लूज गीतकार विली डिक्सन यांना त्यासाठी दावा लावावा लागला.)

१९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी येथे पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या छोट्याशा क्लबात ते वाजवूनही गेले. दोघे जण, ना लवाजमा, ना पहारा. पुढच्याच वर्षी, ५ मे १९७३ रोजी, अमेरिकेतील टॅम्पा येथे ५६,८०० श्रोत्यांसमोर पूर्ण बँडने बीटल्सच्या गर्दीचा विक्रम मोडला, आणि त्याच वर्षी खासगी बोइंग विमानातून प्रवास सुरू झाला. आता तटबंदीला दारेच उरली नाहीत.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसच्या रोड्स बेटावर प्लँटच्या गाडीला अपघात झाला आणि दौरे थांबले. मादक द्रव्यांनी पेजला घेरले होते, दारूने बॉनमला. आतल्या माणसाला रागे भरू शकेल असा बाहेरचा माणूस ग्रँटने जवळ ठेवलाच नव्हता आणि तो स्वतःही त्याच गर्तेत होता. २३ जुलै १९७७ रोजी ओकलंड येथे दारावरची पाटी काढण्यावरून ग्रँटच्या लहान मुलाला कोणी हटकले, एवढ्या निमित्ताने आयोजकाच्या कर्मचाऱ्याला रंगमंचामागे बेदम मारहाण झाली. आरोपींत ग्रँट आणि बॉनम दोघेही होते. चोरांपासून राखण करणारी मूठ आता कोणावरही उगारली जात होती. तीनच दिवसांनी प्लँटचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात दगावला. त्याच्या अंत्यविधीला बँडमधून एकटा बॉनम गेला.

२५ सप्टेंबर १९८० रोजी, दिवसभर व्होडका प्यायल्यानंतर, पेजच्या विंडसर येथील घरी झोपेतच बॉनमचा मृत्यू झाला. तो ३२ वर्षांचा होता. डीप पर्पल या दुसऱ्या ब्रिटिश रॉक बँडने वादक बदलत संसार चालू ठेवला होता. येथे ते शक्य नव्हते, कारण ती रिकामी जागा राखणाराच गेला होता. ४ डिसेंबरला निघालेल्या छोट्या निवेदनात आपण पूर्वीसारखे पुढे चालू शकत नाही, असे म्हटले होते. खाली कोणा एकाचे नाव नव्हते, फक्त बँडचे होते.

पूर्ण लांबीची मैफल त्यांनी त्यानंतर एकदाच केली, १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनमध्ये. ती अटलांटिकचे सहसंस्थापक अहमत एर्टेगुन यांच्या स्मरणार्थ होती. ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. पुढे दौरा काढावा म्हणून पुष्कळ आग्रह झाला. प्लँट त्याला तयार झाला नाही.