पाठमोरा फोटो

(दृश्य : प्रतापनगरमधली एक बैठक. टीव्हीवर एकेक फोटो पुढे सरकतोय.)

नागपुरात वाघाचा फोटो दाखवला, की पहिला प्रश्न ठरलेला : कोणता आहे? पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाऱ्या करणारी माणसं पट्टे बघून वाघाचं नाव सांगतात.

या फोटोंमध्ये मात्र वाघ नाही. हे काका-काकू लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. तिथे मॉन्टेरीच्या उपसागरात बोटीतून देवमासे बघून आले. फोटो तीनशेच्या वर, त्यातले निम्मे नुसत्या पाण्याचे!

काकांचा लाडका फोटो उसळी मारणाऱ्या देवमाशाचा. काकू थांबतात ते बुडी मारताना वर आलेल्या शेपटीवर.

"हा तं मी डिलीटच करून राहिलो होतो," काका म्हणतात. "जाऊन राहिला ना तो, तोंडच दिसत नाही!"

संशोधकांना नेमका हाच फोटो हवा असतो.

(दृश्य : शेपटीची खालची बाजू, जवळून.)

हंपबॅक देवमाशाच्या शेपटीवरची ही काळी-पांढरी नक्षी, कडेचे हे दाते प्रत्येकाचे वेगळे असतात. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो लागतात. इथे एका शेपटीत काम भागतं. १९७०च्या दशकापासून शास्त्रज्ञ असे फोटो जुळवत आले आहेत. आधी डोळे ताणून, आता संगणकावर. २०१५ साली सुरू झालेल्या 'हॅपीव्हेल' उपक्रमात तर पर्यटकांचेही फोटो येतात.

एक नर २०१३ आणि २०१७ साली कोलंबियाच्या प्रशांत किनाऱ्याजवळ टिपला गेला. २०२२ साली तोच आफ्रिकेपलीकडे, झांझिबारजवळ दिसला. दोन ठिकाणांमधलं अंतर किमान १३,०४६ किलोमीटर. अंगावर कुठलंही यंत्र न लावता हे कळलं.

अशाच फोटोंवरून उत्तर प्रशांत महासागरातली शिरगणतीही झाली. २०१२ साली तिथे सुमारे ३३,५०० हंपबॅक होते, २०२१ साली २६,७००च्या आसपास उरले. मधल्या काळात, २०१४ ते २०१६, समुद्र भयंकर तापला होता आणि त्यांचं खाणं आटलं होतं.

फोटोसोबत जागा आणि वेळ मात्र हवी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतून ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फोटोच लागतो. इथे आणखी एक घोळ आहे. फोनचं घड्याळ आपोआप बदललं, काकूंचा कॅमेरा नागपूरच्याच वेळेवर राहिला! उन्हाळ्यात कॅलिफोर्निया साडेबारा तास मागे. म्हणजे दुपारी दोनला काढलेली शेपटी कॅमेऱ्यात रात्री अडीचची, तीही दुसऱ्या दिवशीची.

काकांनी बोटीचं तिकीट पाकिटात जपून ठेवलं होतं. काकू त्यावरची तारीख वाचून घेतात.

काका तिकडे लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये शिरलेत. आणखी चार शेपट्या त्यांनी कधीच उडवल्या होत्या.