नळीवरची चिठ्ठी आणि जीनोमचा हिशोब

नमस्कार मंडळी. विषय दिलाय "जीनोम सिक्वेन्सिंग परवडतं का" आणि हा विषय जाहीर झाल्यापासून जो भेटेल तो मला मशिन केवढ्याला येतं हेच विचारतोय. त्याच्याकडे येतेच मी. पण आधी ही नळी बघा, मागच्या लोकांनाही दिसावी म्हणून हात वर करते. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, आत गुलाबी पाणी, त्यात नाकातून घेतलेला स्वॅब मोडून टाकलेला असतो, आणि बाहेरून ही चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, वय, गाव, तालुका, मोबाइल नंबर, तारीख. 2021 च्या फेब्रुवारीत मी पुण्यात एका लॅबमध्ये होते आणि अशा नळ्यांचे डबेच्या डबे आमच्याकडे यायचे, खाली बर्फाचे पॅक, प्रवासात ते सुटून पाणी झालेलं, आणि बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी त्या पाण्यात भिजून शाई पसरलेली. नळीतला विषाणू व्यवस्थित असायचा. गाव वाचता यायचं नाही. आज जे काही सांगणारे ते सगळं या चिठ्ठीभोवतीच फिरणार आहे.

आता सिक्वेन्सिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. विषाणूची एक पोथी असते असं समजा, तिलाच जीनोम म्हणतात, आणि ती अक्षर-अक्षर वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग. कोरोनाची पोथी साधारण 30 हजार अक्षरांची, टीबीच्या जंतूची 44 लाख अक्षरांची. विषाणू वाढतो म्हणजे ही पोथी पुन्हा पुन्हा उतरवली जाते, आणि उतरवताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. कोरोनात महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात असं धरून चाला. पूर्वी हातानं पोथ्या उतरवायचे तेव्हा एकाच्या हातून झालेली चूक त्याच्यावरून उतरवणाऱ्याच्या पोथीतही जायची, आणि मग अभ्यासक पाठभेद लावून सांगतात की ही पोथी त्या पोथीवरून आली, हिचा आणि तिचा संबंध नाही. आम्ही तेच करतो. तुमच्यातला विषाणू आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसातला विषाणू यांचे पाठभेद लावतो. मशिन फक्त वाचून देतं, अर्थ लावायला पोथी कुठे सापडली आणि कधी सापडली हे लागतंच, आणि ते चिठ्ठीवर असतं.

अमरावतीचं तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारी 2021, बाकीच्या देशाला वाटत होतं की कोरोना आता संपत आला, आणि अमरावतीत केसेस एकदम चढल्या, 22 फेब्रुवारीपासून तिथे आठवड्याचा लॉकडाऊन लावावा लागला. त्याआधी दोन महिने, 25 डिसेंबर 2020 ला, देशात इन्साकॉग नावाचं लॅबचं जाळं सुरू झालं होतं, पहिल्यांदा दहा लॅब, त्यात आपली पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थासुद्धा. ठरलं असं होतं की पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी 5 टक्के वाचायचे. त्या दिवसापासून 24 मार्चपर्यंत देशात साधारण 16 लाख नवीन केसेस झाल्या, म्हणजे 5 टक्क्यांच्या हिशोबानं 80 हजार नमुने वाचले जायला हवे होते. 24 मार्चला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं जो आकडा दिला तो 10,787 होता. आणि त्याच निवेदनात होतं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये ई484क्यू आणि एल452आर हे दोन बदल एकत्र दिसताहेत, 15 ते 20 टक्के नमुन्यांत दिसताहेत, आणि डिसेंबरपेक्षा वाढलेत. 31 मे ला ज्याला डेल्टा हे नाव मिळालं तो याच कुळातला, आणि नाव मिळेपर्यंत देशात दिवसाला चार लाखांच्या वर केसेस होऊन गेल्या होत्या, आपण सगळ्यांनी घरातली किंवा ओळखीची माणसं गमावली होती.

मला लोक विचारतात, नमुने जास्त वाचले असते तर लाट थांबली असती का. मला तसं वाटत नाही, सिक्वेन्सनं लाट थांबत नाही. पण हा विषाणू वेगळा आहे, जास्त वेगानं पसरतोय हे ठामपणे सांगायला दोन तालुक्यांची, आठवड्या-आठवड्याची तुलना लागते, आणि ती जर मार्चच्या सुरुवातीला हातात असती तर ऑक्सिजनचे टँकर, बेड, सभा, मेळे यांबद्दलचे निर्णय घेणाऱ्यांसमोर निदान एक कागद तरी असता. तो कागद किती मोलाचा होता हे रुपयांत मांडायला मला जमत नाही, आणि खरं सांगते, त्या एप्रिलनंतर मांडावंसंही वाटत नाही.

आता खर्च. मशिन मोठं असेल तर काही कोटींचं, हे खरंय. पण एकदा घेतलं की घेतलं. रोजचा खर्च असतो तो केमिकलचा, किटचा, आणि ते बहुतेक बाहेरून येतं, फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं, त्याला एक्सपायरी असते. महाराष्ट्रात मार्च 2021 अखेरीस आरटीपीसीआर 500 रुपयांवर आली होती, आणि त्याच वेळी एक नमुना वाचायला नुसतं सामानच काही हजारांचं लागायचं. बरं, ते सामानही एका नमुन्यासाठी उघडता येत नाही. इथे वडापची गाडी डोळ्यासमोर आणा. जीप उभी आहे, चार सीट भरल्यात, तुम्हाला घाई आहे, पण ड्रायव्हर गाडी भरल्याशिवाय सोडणार नाही कारण डिझेल तेवढंच जळणार. मोठ्या मशिनचंही तेच. मुंबईत कस्तुरबा हॉस्पिटलात ऑगस्ट 2021 मध्ये जे मशिन बसलं ते एका वेळी 384 नमुने घेतं. लाट जोरात असेल तेव्हा 384 नळ्या दोन दिवसात जमतात, माणशी खर्च एकदम खाली येतो, छान. लाट ओसरली की नळ्या जमायला कितीतरी दिवस जातात, आणि नेमकं तेव्हाच, नवीन काहीतरी चोरपावलांनी येत असताना, उत्तर लवकर हवं असतं. अर्धी गाडी सोडायची तर खर्च दुप्पट आणि थांबायचं तर बातमी शिळी, हा झगडा मी रोज बघितलाय.

म्हणून लहान मशिनचंही सांगते. 2015 मध्ये पश्चिम आफ्रिकेत, गिनी देशात, इबोलाची साथ चालू असताना एक टीम खिशात मावेल असं मशिन बॅगेतून घेऊन गेली आणि तिथेच 142 नमुने वाचले, नमुना हातात आल्यापासून चोवीस तासांच्या आत. लहान मशिनवर एकेका नमुन्याला पैसे जास्त पडतात. पण ते वडाप नाही, ती मोटरसायकल आहे, एकटा माणूस असला तरी निघते. जिल्ह्याला कुठलं घ्यायचं हे तुमच्याकडे महिन्याला किती नळ्या येतात यावरून ठरवा, कॅटलॉग बघून नको.

फायदा रुपयांत मोजलेलं उदाहरण हवं असेल तर ते जेवणातल्या जंतूंचं आहे, आणि अमेरिकेतलं आहे. लिस्टेरिया म्हणून एक जंतू, फ्रीजमध्येसुद्धा वाढतो, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्यांना फार त्रास देतो. पेशंट कसे असतात तर एक या राज्यात, दुसरा दोन हजार किलोमीटरवर, तिसरा महिन्याभराने, कुणाला वाटणारही नाही की यांनी एकाच कारखान्याचं चीज खाल्लंय. 2013 पासून त्यांनी सापडेल त्या प्रत्येक लिस्टेरियाचा जीनोम वाचायचं ठरवलं. आधीच्या वर्षात एका साथीचं मूळ सापडलं होतं, सुरुवातीनंतरच्या दुसऱ्या वर्षात नऊ सापडली. तिथल्या अन्न-औषध खात्याच्या जाळ्याचा पुढे हिशोब झाला, त्यात 2019 पर्यंत वर्षाला साधारण 50 कोटी डॉलरचा फायदा आणि 2.2 कोटी डॉलरच्या आसपास खर्च असा अंदाज निघाला. हे जमलं कारण कारखान्याच्या गटारातून घेतलेला जंतूही त्याच यादीत होता, आणि पेशंटला फोन करून गेल्या महिन्यात काय काय खाल्लं हे तासभर विचारणारं माणूस पगारावर होतं. पुन्हा चिठ्ठीच.

आपल्याकडे माझ्या मते सगळ्यात जास्त मोल टीबीत आहे. सीबीनॅट नावाची तपासणी दोन तासात सांगते की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, हे फार मोठं काम आहे, त्याला कमी लेखू नका. पण बेडाक्विलिनसारखं नवीन औषध चालेल की नाही हे ती सांगत नाही. जीनोम वाचला तर एकाच वेळी बऱ्याच औषधांची माहिती मिळते, शिवाय दोन पेशंटच्या जंतूत बारापेक्षा जास्त अक्षरांचा फरक असेल तर एकानं दुसऱ्याला अलीकडे दिला नाही हे बऱ्यापैकी समजतं. इंग्लंडमध्ये 2016 च्या अखेरीपासून हे रोजच्या कामात घेतलंय. अडचण एवढीच की बहुतेक वेळा आधी जंतू वाढवून घ्यावा लागतो आणि टीबीचा जंतू आठवडे लावतो, तोवर पेशंटला चुकीची गोळी चालू असू शकते. पण उपचार कित्येक महिने चालतात तिथे सहा आठवड्यांनी आलेलं बरोबर उत्तरही पेशंटला उपयोगी पडतं. कोरोनात सहा आठवड्यांनी आलेलं उत्तर फक्त पेपर लिहायला कामाचं.

मग सगळंच वाचायचं का? नाही. मी एक साधा प्रश्न विचारते, रिपोर्ट असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय करणार. दोन्हीला एकच उत्तर असेल तर थांबा, पैसे दुसरीकडे लावा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे, पेशंट वाढले, पुढे आकडा दोनशेच्या वर गेला. काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. संशय पाण्यावर होता. तिथे पहिलं काम विहिरीचं, क्लोरीनचं, पाइपलाइनच्या लिकेजचं. जीनोम नंतर वाचायचाच, कारण पेशंटमधला जंतू आणि पाण्यातला किंवा कोंबडीतला जंतू एकच का हे पुढच्या वेळेसाठी कळायला पाहिजे, पण त्याची वाट बघत क्लोरीनची गोळी कुणी थांबवायची नाही.

आणि एक खर्च आहे जो कुठल्याच बजेटात दिसत नाही. 24 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेनं प्रामाणिकपणे जगाला कळवलं की आमच्याकडे नवीन व्हेरियंट दिसतोय, दोन दिवसांनी त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं, आणि लगेच देशोदेशींनी त्यांचीच विमानं बंद केली. ज्यानं शोधलं त्याचं नुकसान, आणि सावध व्हायला वेळ मिळाला बाकीच्यांना. 4 डिसेंबरला आपल्या डोंबिवलीत तिकडून आलेल्या एका तरुणात तो सापडला तेव्हा आपल्याला काय शोधायचं हे माहीत होतं, ते त्यांच्यामुळे. हेच जिल्ह्या-जिल्ह्यातही होतं. एका अधिकाऱ्यानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, मॅडम आमचं नाव टीव्हीवर येणार असेल तर आम्ही नमुने कशाला पाठवू. मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं की त्याचा प्रश्न रास्त होता, जो नमुने पाठवतो त्याला बदल्यात आधी औषधं, जास्तीचा स्टाफ असं काहीतरी मिळायलाच पाहिजे.

परत चिठ्ठीकडे येते. एका डब्यात चौदा नळ्यांवरचं गाव वाचता येत नव्हतं. जीनोम चौदाही सुंदर आले. आमच्याकडे डेटा एंट्रीला कंत्राटावर एक मुलगी होती, तिनं जेवणाची सुट्टी सोडून चिठ्ठ्यांवरचे मोबाइल नंबर भिंगानं वाचले आणि एकेकाला फोन लावला, काका तब्येत कशी आहे, कुठल्या गावचे तुम्ही. नऊ जणांनी फोन उचलला. त्यातले सहा एकाच गावचे निघाले आणि सहाही जण एकाच लग्नाला जेवून आलेले. त्या सहा पोथ्यांचे पाठभेद मी लावून बघितले, एका अक्षराचाही फरक नव्हता. मेडिकल ऑफिसरला त्याच संध्याकाळी कळवलं, त्यांनी वऱ्हाडाची यादी काढली आणि रातोरात टेस्टिंग लावलं. त्या कामात मशिनचा खर्च होता तेवढाच होता, वर फक्त काही फोन आणि एक तास. बाकीच्या पाच नळ्यांपुढे आजही नुसतं "महाराष्ट्र" लिहिलेलं आहे.

तुमच्यातले काही जण जिल्हा परिषदेत आहेत, काही नगरपालिकेत. लॅबचा प्रस्ताव करायला बसाल तेव्हा मशिनच्या ओळीखाली तीन ओळी अजून घाला. नमुने रोज नेणाऱ्या गाडीची एक, बारकोडच्या पाणी न लागणाऱ्या स्टिकरची एक, आणि फोन करणाऱ्या माणसाची एक, पूर्ण वर्षाच्या पगाराची. मसुदा मला पाठवलात तर मी बसून वाचून देईन, हातानं लिहिलेला असला तरी चालेल.