एक तुकडा सलाईनमध्ये

पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या उसात उतरले की पायाखाली ओली काळी माती, कुजलेला पाला आणि बेडूक असतात. बेडकांच्या आणि पाली-सरड्यांच्या आतड्यात राहणाऱ्या एका बुरशीची नोंद १८८६ मध्ये झाली. तिचे नाव बॅसिडिओबोलस रॅनरम. ती फार क्वचित माणसाला बाधते. बहुधा मातीने माखलेल्या हातांतून किंवा अन्नातून ती पोटात जाते आणि आतड्यातून यकृतापर्यंत पोहोचून तिथे गाठ निर्माण करते. तिला कमजोर शरीरच लागते असे नाही. मधुमेह नसलेल्या, स्टेरॉइड न घेतलेल्या, धडधाकट माणसालाही ती गाठते.

पोटदुखी, ताप, उतरत चाललेले वजन अशा तक्रारी घेऊन माणूस मिरजेला येतो. १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून हे गाव दूरदूरच्या, अगदी कर्नाटकातल्याही रुग्णांचा आधार आहे. सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसते. अमिबामुळे झालेला गळू, क्षयरोग किंवा कर्करोग यांचा विचार आधी होतो आणि तो योग्यही आहे, कारण हे आजार कितीतरी अधिक आढळतात. मात्र रक्तात इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच वाढलेल्या असतील, तर बुरशीची शंका मनात यायलाच हवी. कर्करोग समजून शस्त्रक्रिया केल्यावर काढलेल्या भागात बुरशी सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि त्या वाचताना मन विषण्ण होते.

वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीतली हिस्टोप्लाझ्मा ही दुसरी बुरशी श्वासावाटे शरीरात शिरते आणि क्वचित यकृत व प्लीहेपर्यंत पसरते. पनामात १९०५ मध्ये ती प्रथम दिसली तेव्हा तिला परजीवी समजले गेले. ती बुरशी असल्याचे १९३४ मध्ये सिद्ध झाले.

निदानाची वाट बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीतून जाते, आणि तिथे एक साधी गोष्ट निर्णायक ठरते. काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावात टाकला की त्यातली बुरशी मरते आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत ती वाढवून पाहताना, काहीच उगवत नाही. म्हणून एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून ‘बुरशीसाठी कल्चर’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमधल्या भागावर चांदीच्या क्षारांचा रंग दिला की बुरशीचे तंतू काळे उमटतात.

त्यानंतर इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या अनेक महिने चालतात. हे औषधही यकृताला त्रास देऊ शकते, त्यामुळे ठराविक दिवसांनी रक्ततपासणी करावी लागते, आणि प्रत्येक सोनोग्राफीत गाठीचे माप मागच्या मापाशी ताडून पाहिले जाते.