ऑर्गनचा कन्सोल म्हातारा होतो तेव्हा

[कन्सोलसमोर बसून, डाव्या हाताने एकच पट्टी दाबत]

ऐकलंत? नाही ना? मलाही काही ऐकू आलं नाही. स्टॉप ओढलाय, मोटर चालू आहे, शेजारच्या पट्ट्या झकास वाजतायत, ही एकटीच मुकी.

नमस्कार. आज बोलायचंय पाइप ऑर्गनच्या कन्सोलबद्दल. म्हणजे वादक जिथे बसतो ते हे सगळं प्रकरण: हातांसाठी एकावर एक मॅन्युअल, बहुधा प्रत्येकी ६१ पट्ट्यांचे, पायांसाठी ३२ पेडलं आणि बाजूला हे स्टॉप, म्हणजे कुठल्या पाइपांचा संच वाजवायचा ते निवडणाऱ्या खुंट्या. पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन घटकाभर विसरा. इथे हवा मोटर भरते, पाइप पार दुसरीकडे उभे असतात आणि कन्सोलमधून त्यांच्याकडे फक्त वीज जाते. ट्रॅकर ऑर्गनमध्ये विजेऐवजी लाकडी काड्या असतात, पण त्यांची दुखणी वेगळी. ती आज नाही.

ऑर्गन कुरकुरायला लागला की सगळे पाइपांकडे बघतात. पाइप नीट राखला तर शेकडो वर्षं वाजतो हो! आधी थकतो तो कन्सोल. आत डोकावलं तर तो वाद्यापेक्षा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखा दिसतो. नवल नाही, कारण विजेवरच्या ऑर्गनला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुढे नेणारा रॉबर्ट होप-जोन्स मुळात टेलिफोन कंपनीतलाच माणूस.

तर ही मुकी पट्टी. पेचकस उचलायच्या आधी डोकं चालवू. पहिला प्रश्न: एकाच स्टॉपवर मुकी की सगळ्यांवर? एकाच स्टॉपवर असेल तर कन्सोल निर्दोष, दोष पाइपांच्या बाजूला. [स्टॉप बदलून दाबतो] सगळ्यांवर मुकी. बरं. आता हा कपलर ओढतो, म्हणजे या मॅन्युअलचे पाइप पायांनीही वाजतील. हाच सूर पेडलवर. [सूर वाजतो] वा! पाइप ठीक, त्याखालची झडप ठीक, झडप उघडणारा मॅग्नेट ठीक. लबाडी या पट्टीखालच्या कॉन्टॅक्टची, म्हणजे पट्टी दाबली की वीज जोडणाऱ्या तारेची. दोन मिनिटांत, एकही स्क्रू न काढता. ही युक्ती अर्थात पेडल पोचतात तेवढ्याच पट्ट्यांना, म्हणजे डावीकडच्या ३२. पुढच्यांसाठी दुसऱ्या मॅन्युअलचा कपलर वापरा.

उलटा आजार म्हणजे सायफर: पट्टी सोडली तरी सूर थांबतच नाही. तिथे त्या सुराच्या मॅग्नेटची तार सोडवून बघायची. आवाज थांबला तर दोष कन्सोलकडून येतोय. चालूच राहिला तर कन्सोलला शिव्या देऊ नका.

[पट्ट्या वर उचलून, टॉर्च मारत]

हे बघा. प्रत्येक पट्टीखाली एक कॉन्टॅक्ट तिचा स्वतःचा, शिवाय प्रत्येक कपलरसाठी एकेक. पट्टीमागे दहा धरले तर एका मॅन्युअलचे ६१०. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमधल्या ऑर्गनला सात मॅन्युअल आहेत, तिथला हिशोब तुम्हीच करा. या तारा चांदीच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या. चांदी काळी पडते, वर धूळ बसते. शिवाय पट्टी सोडताना मॅग्नेटची कॉइल उलटा झटका देते, बारीकशी ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्टला खड्डे पडत जातात. मॅग्नेटवर डायोड बसवला की ठिणगी थांबते, पण जुन्या मॅग्नेटना तो नसतोच. सँडपेपर मारायचा मोह आवरा, आधीच बारीक असलेली तार आणखी झिजेल. अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी दोन कॉन्टॅक्टमधून हळूच ओढायची, बस.

बाकीची म्हातारपणाची लक्षणं भराभर सांगतो. पट्ट्यांखालच्या फेल्टला कसर लागते आणि पट्ट्या खडखडतात. पेडलच्या स्प्रिंग तुटतात. स्टॉप हलवणाऱ्या छोट्या भात्यांचं चामडं काही दशकांत लाल भुकटी होऊन गळतं. आणि पुष्कळ स्टॉप एकदम ओढल्यावर सगळंच सुस्तावत असेल, तर रेक्टिफायरचा, म्हणजे या सगळ्याला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, व्होल्टेज लोड असताना मोजा. रिकामा मोजून उपयोग नाही.

एका गोष्टीला मात्र मी खरंच घाबरतो: या वायरिंगला. [केबलचा जुडगा दाखवत] सुती दोरा गुंडाळलेली, मेणात बुडवलेली तार. लोक म्हणतात, पंधरा व्होल्टच तर आहेत, काय होणार! अहो, शॉक नाही बसणार. पण त्यामागे कित्येक अँपिअर देऊ शकणारा रेक्टिफायर बसलाय आणि मध्ये फ्यूज नाही. कुठे शॉर्ट झालं तर ही बारीक तार लालभडक होईल, आणि भोवती काय? कापूस आणि मेण. उंदराने एक रात्र दात घासले तरी पुरे. बाकी दुरुस्त्या लांबवा हवं तर, फ्यूज लांबवू नका.

मग सगळं काढून सॉलिड स्टेट, म्हणजे या तारांच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बसवावं का? माझी कसोटी साधी आहे. त्याच पाच पट्ट्या पुन्हा पुन्हा रुसत असतील तर साफसफाई करा. दर आठवड्याला दोष जागा बदलत असेल तर वायरिंग थकलंय, तिथे प्रेम आंधळं नको. पण ‘इलेक्ट्रॉनिक म्हणजे कायमचं’ असं कोणी सांगितलं तर हसा. पहिल्या पिढीतल्या सॉलिड स्टेट बोर्डांचे कपॅसिटर आता सुकलेत, मेमरीची बॅटरी मेली की पिस्टनवर, म्हणजे एका दाबात ठरलेले स्टॉप लावणाऱ्या बटणांवर, साठवलेली सगळी स्टॉप-जुळणी एका रात्रीत पुसली जाते, आणि ते बोर्ड आता कोणी बनवत नाही. चांदीची तार निदान कापडाने पुसता तरी येते.

चला, पुसून झालं. [पट्टी दाबतो. सूर वाजतो.] आली! आता शेजारची.

[शांतता]

हं. तिची तार मघाशी माझ्याच बोटाने वाकली वाटतं. टॉर्च धरा जरा.