दिवे घाटात पिकअप ओढत नाही? टर्बो बदलायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मागं उभी आहे ती पिकअप मार्केट यार्डातून भुसार भरून सासवडला जाते. काल मालक आले ते वैतागूनच. "दादा, दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर येते, वर सरकतच नाही. टर्बो बदला म्हणालेत."

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. मी आधी विचारलं, धूर कसला? काळा.

काळा म्हणजे डिझेल भरपूर पडतंय, पण जळायला हवा पुरत नाही. निळसर असता तर ऑइल जळतंय. पांढरा, आणि वर कूलंटही कमी होतंय, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर संशय. धूरच नाही, नुसती दम तोडते? आधी डिझेल फिल्टर बघा. आणि आरपीएम चढतोय पण स्पीड धरत नाही, तर इंजिनाला हातच लावू नका. क्लच प्लेट घसरतेय.

एअर फिल्टर काढला, स्वच्छ. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी ०२९९. लोक फसतात ते इथंच. हा कोड म्हणतो, टर्बोचं प्रेशर कमी पडतंय. टर्बो गेला असं तो कुठं म्हणतोय?

आता हे बघा. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीला जाणारा रबरी पाइप. वरून अगदी धडधाकट. पण क्लॅम्पपाशी असा वाकवला की... दिसली फट? बोटाच्या पेराएवढी. बाजूला ऑइलचा ओला डाग, त्यावर धुळीचा थर. जागेवर रेस केली तर काही कळत नाही. लोड घेऊन चढाला लागली की आतला दाब वाढतो, फट उघडते, हवा फुस्स! हवा मोजणारा सेन्सर बसलाय टर्बोच्या अलीकडं. त्यानं मोजलेली हवा वाटेत गळाली, पण डिझेल मात्र त्याच हिशेबानं पडत राहिलं. म्हणून काळा धूर.

फट सापडत नसेल तर पंक्चरवाल्याची युक्ती: साबणाचं पाणी मारायचं, आत हलकी हवा सोडायची. बुडबुडे आले की जागा सापडली.

टर्बोचा शाफ्टही, म्हणजे पंख्याचा दांडाही हलवून बघितला, ढिला नाही. नाना पेठेतून पाइप आणला, नवे क्लॅम्प टाकले. आज सकाळी तेवढाच माल भरून मी शेजारी बसलो. घाट तिसऱ्यात चढली. मालक मात्र अख्खा घाट आरशातच बघत होते, धूर येतोय का म्हणून.