नाताळच्या लढाईचं स्मारक कोणाचं?

मंडळी, पहिल्या महायुद्धात, तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या लाटवियात झालेल्या या लढाईला नाताळची लढाई म्हणतात आणि ती सुरू झाली ५ जानेवारी १९१७ च्या पहाटे. असं कसं? बरोबर, मागून उत्तर आलं. रशियाचं कॅलेंडर तेव्हा युरोपच्या १३ दिवस मागे चालायचं, त्यामुळे रशियन सैन्याच्या लेखी तो २३ डिसेंबर होता. पंचांगाचे वाद फक्त आपल्याकडेच होतात असं समजू नका.

तर रीगा आणि येल्गावा यांच्या मधली टीरेलिसची दलदल डोळ्यांसमोर आणा. तिथे खंदक खणला की पाणी वर येतं. म्हणून जर्मनांनी जमिनीवरच ओंडके रचून, माती-वाळू भरून लांबच लांब तट उभा केला होता. त्याच्यापुढे काटेरी तारा. रशियन सैन्यातल्या लाटवियन रायफलधाऱ्यांना हा तट फोडायचा होता. जर्मनांना चाहूल लागू नये म्हणून आधी तोफा डागल्याच नाहीत. माणसं अंधारात, गोठलेल्या दलदलीवरून पुढे गेली आणि हातातल्या कात्र्यांनी, कुऱ्हाडींनी तारा तोडू लागली. तारेवर कुऱ्हाड पडली की आवाज होणारच, आणि समोर मशीनगन. तरीही तट फुटला. दोन दिवसांनी वाळूची ती टेकडीही पडली, जिला आज मशीनगन टेकडी म्हणतात.

ही माणसं कोण होती? १९१५ साली, जर्मन सैन्य दाराशी आलं तेव्हा, लाटवियन बटालियन उभारायला परवानगी मिळाली आणि पोरं आपणहून भरती झाली. त्याच महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या, पण हे लाटवियन स्वतःच्या गावांसाठी लढत होते. फोडलेल्या तटातून पुढे घुसायला पुरेशी कुमक मात्र आलीच नाही. काही सैबेरियन तुकड्यांनी हल्ल्याला नकार दिला होता. जानेवारीअखेर जर्मनांनी प्रतिहल्ला केला. मेलेले, जखमी, बेपत्ता असे मिळून सुमारे ९,००० लाटवियन गेले. वरच्या सेनाधिकाऱ्यांवरचा विश्वास तिथेच उडाला आणि पुष्कळजण बोल्शेविकांकडे, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट क्रांतिकारकांकडे वळले.

आता मला ज्या दोघांबद्दल बोलायचंय ते येतात. युकुम्स वात्सिएटिस हा ५ व्या झेमगाले रेजिमेंटचा प्रमुख. फ्रीड्रिह्स ब्रिएडिस हा १ ल्या रेजिमेंटचा अधिकारी, शौर्यासाठी नावाजलेला. दोघे एकाच दलदलीत लढले. दीड वर्षाने ब्रिएडिस मॉस्कोत बोल्शेविकांविरुद्धच्या गुप्त संघटनेत होता. ऑगस्ट १९१८ मध्ये त्याला गोळी घातली. पुढच्याच महिन्यात वात्सिएटिस बोल्शेविकांच्या लाल सैन्याचा पहिला सरसेनापती झाला. आणि १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यालाही मॉस्कोतच गोळी घातली. एकाला शत्रू म्हणून मारलं, दुसऱ्याने आयुष्य त्याच सत्तेच्या चाकरीत घालवलं, तरी शेवट तोच. आमच्या अभ्यासकांच्या बैठकीत कोणी फक्त ब्रिएडिसचं नाव घेतं, कोणी फक्त वात्सिएटिसचं. याचा मला खरंच त्रास होतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. आणि विषय तर स्मारकाचा होता! भरभर सांगतो.

रीगाच्या बंधू दफनभूमीत १९१५ पासून रायफलधारी पुरले गेले. शिल्पकार कार्लिस झाले यांचं तिथलं काम १९३६ मध्ये पूर्ण झालं. मातेची उंच मूर्ती आणि तिच्या पायाशी पडलेले दोन पुत्र. १९१७ च्या क्रांतीआधी पडलेल्यांना तिथे पक्ष विचारायची वेळच आली नव्हती. १९७१ मध्ये सोव्हिएत राजवटीने शहराच्या मध्यात लाल, म्हणजे बोल्शेविकांकडे गेलेल्या रायफलधाऱ्यांचा पुतळा आणि शेजारी त्यांचं संग्रहालय उभारलं. स्वातंत्र्यानंतर पुतळा तसाच राहिला, नावातला 'लाल' गेला. संग्रहालयाच्या इमारतीत १९९३ पासून सोव्हिएत आणि नाझी ताब्याच्या काळाचं संग्रहालय आहे. पुतळा ठेवण्याचा निर्णय मला पटतो. पुतळा पाडला असता तर त्या तीन दगडी माणसांसोबत टीरेलिसची पहाटही गेली असती.

माझी मागणी एवढीच. मशीनगन टेकडीवर उभं राहून लढाई सांगताना ५ व्या रेजिमेंटच्या ओळीत वात्सिएटिस गाळू नका, १ ल्याच्या ओळीत ब्रिएडिस गाळू नका. पुढचं त्यांचं आयुष्य वेगळ्या पाटीवर लिहा, हवं तेवढं कठोर लिहा. तारा तोडताना दोघे कोणत्या बाजूला होते, ते आधी लिहा. प्रश्नांना वेळ उरला असेल तर विचारा.