अ‍ॅसिड कोण, बेस कोण? हायड्रोजनवर नजर ठेवा

वरणाचा डाग पडलेल्या शर्टवर साबण घासला की डाग एकदम लाल होतो, हे घरोघरी बघितलेलं असतं, कारण साबणाचं पाणी बेसिक असतं आणि हळदीतलं कर्क्युमिन बेस भेटला की रंग बदलतं. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळा. पण हळद काय किंवा लिटमस काय, दर्शक, म्हणजे रंग बदलून दाखवणारा पदार्थ, फक्त एवढंच सांगतो की आत्ता द्रावण आम्लधर्मी आहे की आम्लारिधर्मी, म्हणजे बेसिक. रिअ‍ॅक्शनमध्ये कोणी कोणाला काय दिलं, ते रंगावरून कळत नाही.

आता ही काचेची नळी बघा. एका टोकाला अमोनियात भिजवलेला कापूस, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला, दोन्हीकडे बूच. थोड्या वेळाने आत पांढरं कडं दिसायला लागतं, आणि तेही मधोमध नाही, अ‍ॅसिडच्या टोकाजवळ, कारण अमोनियाचे रेणू हलके, ते जास्त भराभर पुढं सरकतात. हा पांढरा पदार्थ म्हणजे अमोनिया आणि दुसऱ्या टोकाकडून आलेला हायड्रोजन क्लोराइड वायू मिळून झालेलं अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच.

रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनिअसची जुनी व्याख्या अशी, की पाण्यात हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युत प्रभार असलेला कण) देतं ते अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्साइड देतं तो बेस. पण इथं दोन वायू हवेतच भेटले, हायड्रॉक्साइडचा पत्ताच नाही, मग बेस कुठाय? १९२३ मध्ये डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेडने आणि इंग्लंडच्या लॉरीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचं उत्तर दिलं. हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, जो देतो तो अ‍ॅसिड, जो घेतो तो बेस. बस्स. मला ही व्याख्या फार आवडते, कारण ती पदार्थाला शिक्का मारत नाही, त्या रिअ‍ॅक्शनमधलं त्याचं काम बघते.

मग ओळखायचं कसं? समीकरणाच्या डावीकडचा रेणू उजवीकडं काय होऊन बाहेर पडला ते बघायचं. अमोनियात हायड्रोजन तीन होते, अमोनियम आयनमध्ये चार झाले आणि प्रभार एकने वाढला, म्हणजे प्रोटॉन घेतला, म्हणजे हा बेस. हायड्रोजन क्लोराइडचा क्लोराइड झाला, एक हायड्रोजन गेला, प्रभार एकने घटला, म्हणजे हे अ‍ॅसिड. प्रभार तपासायला विसरू नका, मुलं बहुतेक वेळा तिथंच फसतात.

आणि नुसता हायड्रोजन दिसला की अ‍ॅसिड म्हणून मोकळं व्हायचं नाही. मिथेनमध्ये चार हायड्रोजन आहेत, पण पाण्यात तो एकही सोडत नाही. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्येही चारच, त्यातले तीन कार्बनला धरून बसलेले, सुटतो तो फक्त ऑक्सिजनला जोडलेला चौथा, आणि साध्या व्हिनेगरमध्ये तोसुद्धा हजार रेणूंपैकी चारपाच रेणूंचाच सुटलेला असतो, म्हणून त्याला सौम्य आम्ल म्हणायचं.

पाण्याचं तर विचारूच नका. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात गेलं की पाणी प्रोटॉन घेतं आणि हायड्रोनियम होतं, म्हणजे पाणी बेस. अमोनिया पाण्यात गेला की तेच पाणी प्रोटॉन देतं आणि मागं हायड्रॉक्साइड राहतो, म्हणजे आता पाणी अ‍ॅसिड! खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेटही असाच, लिंबाच्या रसात प्रोटॉन घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, आणि कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र बेस भेटला की उलट स्वतःच प्रोटॉन देऊन कार्बोनेट होऊन बसतो.

एक केस मात्र या पद्धतीने सुटत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइड अमोनियाला सरळ चिकटतं, प्रोटॉनची देवाणघेवाण होतच नाही. तिथं अमेरिकेच्या लुईसची व्याख्या लागते, तीही १९२३ चीच: अमोनिया आपली इलेक्ट्रॉनची जोडी पुढं करतो म्हणून तो बेस, बोरॉन ती स्वीकारतो म्हणून ट्रायफ्लोराइड अ‍ॅसिड.